ग्वाल्हेरचे दिवाण, कलकत्त्याचे सभासद : राजा सर दिनकरराव राजवाडे

इंदुरात राजवाडा कुठे आहे हे शाळकरी पोरसुद्धा सांगेल. पण राजवाडे कोण, असं आपल्या मंडळात विचारलं, तर बहुतेकांच्या तोंडी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचं नाव येतं. ते योग्यच आहे. मात्र इतिहासाचार्यांचा जन्म १८६३ चा आणि त्याच्या आदल्याच वर्षी दुसरे एक राजवाडे कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळात सभासद म्हणून बसले होते. त्या सभागृहात बसायला मिळालेल्या पहिल्या तीन हिंदी माणसांपैकी ते एक. त्यांचं नाव दिनकरराव रघुनाथ राजवाडे. पुढे ते राजा सर दिनकरराव, मुशीर-इ-खास बहादूर, के.सी.एस.आय. झाले.

कोकणातून येऊन मध्य हिंदुस्थानात रुजलेल्या आपल्यासारख्या घराण्यांपैकीच हे एक घराणं. तरीही आपल्या गप्पांत त्यांचं नाव सहसा निघत नाही. माझ्या लहानपणी घराच्या भिंतीवर झाशीच्या राणीचं चित्र होतं. ओळखीच्या बऱ्याच घरांतही होतं. दिनकररावांचं चित्र मात्र मी कुणाच्या भिंतीवर पाहिलं नाही. असं का, याचं उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. ते अवघड आहे, म्हणूनच एकदा सगळं सांगावंसं वाटलं.

पंधराव्या वर्षी नोकरी

दिनकररावांचा जन्म २० डिसेंबर १८१९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, चित्पावन घराण्यात झाला. त्यांच्या पूर्वजांनी शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेली होती. महादजी आणि दौलतराव यांच्या काळापासून कोकणातली आणि देशावरची अनेक घराणी अशीच उत्तरेकडे आली. कुणी तलवार धरली, कुणी लेखणी. राजवाडे लेखणीवाल्यांपैकी. दिनकरराव पंधराव्या वर्षी ग्वाल्हेर दरबारच्या नोकरीत शिरले. आजच्या हिशेबाने मुलगा दहावीत असतो ते हे वय.

विद्यापीठ नव्हतं, इंग्रजी शाळा नव्हती. मोडी, फारसी दफ्तर आणि वडीलधाऱ्यांच्या हाताखाली बसून पाहिलेला कारभार, एवढंच त्या काळच्या कारकुनाचं शिक्षण. दिनकरराव झपाट्याने वर चढले. चंबळेच्या बाजूचा तंवरघार विभाग त्यांच्याकडे आला. आजच्या मुरैना जिल्ह्यातला हा मुलूख खोऱ्यांचा, दरोडेखोरीसाठी पूर्वापार बदनाम. इथे पोलिसांची घडी बसवायची आणि वसुलीही सुरळीत करायची, ही दोन्ही कामं त्यांनी केली. गावकऱ्याला जगू दिलं तरच वसूल मिळतो, ही त्यांची रीत पुढे सगळ्या संस्थानाला लागू झाली, तिची सुरुवात इथली.

रिकामी तिजोरी

त्या वेळी ग्वाल्हेरची अवस्था वाईट होती. १८४३ च्या फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन जयाजीराव या नावाने गादीवर बसवलं. दरबारात तट पडले, फौज कुणाचं ऐकेनाशी झाली आणि इंग्रजांना निमित्त मिळालं. २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन ठिकाणी लढाया होऊन ग्वाल्हेरची फौज हरली. पुढच्या महिन्यात तह झाला. कारभार पंचायतीच्या हाती गेला. शिंद्यांची फौज ९,००० माणसांवर आणली, त्यात पायदळ फक्त ३,०००, तोफा ३२. शिवाय इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची वेगळी फौज, म्हणजे ग्वाल्हेर कंटिंजंट, पोसण्यासाठी १८ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला.

उत्पन्न घटलं होतं आणि कामावरून काढलेले हजारो शिपाई गावोगाव फिरत होते. वसुली इजाऱ्यावर चालत असे. इजारा म्हणजे एखाद्या महालाचा वसूल सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला ठेक्याने द्यायचा. दरबाराला ठरलेली रक्कम मिळे. ती मोजून दिली की इजारदार रयतेकडून किती उकळतो हे कुणी बघत नसे. दोन-तीन वर्षांचा ठेका असल्याने जमीन सुधारण्यात त्याला काही रस नसे, त्याला मुदतीच्या आत पैसे वसूल करायचे असत. माझी नोकरी बँकेत गेली, म्हणून हे चित्र मला ओळखीचं वाटतं. मुद्दल खाऊन व्याज दाखवण्याचाच हा प्रकार होता.

१८५१-५२ च्या सुमारास दिनकरराव दिवाण झाले. वय जेमतेम बत्तीस. त्यांनी आधी खर्चाला हात घातला. वरपासून खालपर्यंत पगार कापले आणि त्यात स्वतःच्या पगारालाही कात्री लावली. पगारकपातीचा हुकूम काढणारे आपण पुष्कळ पाहतो, पण त्या यादीत स्वतःचं नाव घालणारा क्वचितच भेटतो. मग इजारे मोडून गावाशी सरळ बंदोबस्त करण्याकडे त्यांनी कारभार वळवला. व्यापाराला आणि शेतीला जाचणारे कर रद्द केले. पोलीस, न्याय आणि वसूल या खात्यांची घडी नव्याने बसवली. कोणत्या अंमलदाराने काय करायचं आणि काय नाही, याचे नियम लेखी केले. रस्ते आणि इतर सार्वजनिक कामं हाती घेतली. थोड्याच वर्षांत तुटीचं संस्थान शिलकीत आलं.

याचा त्रास ज्यांना व्हायचा त्यांना झालाच. इजारदार दुखावले, पगार कापलेले मानकरी दुखावले. तरुण जयाजीरावांना फौजेचा आणि कवायतीचा शौक होता, हात आखडणारा दिवाण त्यांना नेहमीच गोड वाटला असेल असं नाही. पण कारभार चालत राहिला. मग १८५७ उजाडलं.

अवघड वर्ष

मे महिन्यात मीरत आणि दिल्लीला उठाव झाला. १४ जूनला ग्वाल्हेरजवळ मुरारच्या छावणीत कंटिंजंट उठली. इंदुरात १ जुलैला सादत खानाच्या पुढाकाराने रेसिडेन्सीवर हल्ला झाला ती कथा आपल्याला ठाऊक आहे. ग्वाल्हेरचं संकट त्याहून मोठं होतं. कवायती, तोफखान्यासह सज्ज असलेली फौज राजधानीच्या दारात मोकळी उभी होती. तिथून आग्रा जवळ, आणि आग्र्याच्या किल्ल्यात इंग्रज स्त्री-पुरुष आसरा घेऊन बसलेले. ती फौज त्या उन्हाळ्यात आग्र्यावर किंवा दिल्लीकडे गेली असती, तर इंग्रजांचं काय झालं असतं याचा विचार त्यांच्याच इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे.

ती गेली नाही. जयाजीराव आणि दिनकररावांनी तिला ग्वाल्हेरातच गुंतवून ठेवलं. पगार दिले, आश्वासनं दिली, आज निघू उद्या निघू असं करत महिने काढले. आतून आग्र्यातले पोलिटिकल एजंट मॅकफर्सन यांच्याशी संधान चालूच होतं. सप्टेंबरात दिल्ली इंग्रजांच्या हाती पडली. कंटिंजंट शेवटी तात्या टोप्यांकडे गेली आणि नोव्हेंबरात कानपुराला तिने इंग्रजांना हात दाखवला, पण तोपर्यंत वेळ निघून गेली होती. ग्वाल्हेरात दवडलेले ते चार महिने उठावाला फार महाग पडले. एका दिवाणाने एकही गोळी न झाडता हे केलं. आपल्याला ते आवडो न आवडो, घडलं ते असं.

पुढच्या वर्षी पारडं फिरलं. काल्पीत हार झाल्यावर रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून आले. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ जयाजीराव त्यांना आडवे गेले. पण शिंद्यांची बहुतेक फौज लढण्याऐवजी समोरच्या बाजूला जाऊन मिळाली. महाराज आणि दिवाण जीव वाचवून धौलपूरमार्गे आग्र्याच्या किल्ल्यात पोचले. ग्वाल्हेरात पेशवाईची द्वाही फिरली.

इथे तिजोरीची गोष्ट सांगायला हवी. दिनकररावांच्या कारभारात भरलेली ती तिजोरी आता खजिनदार अमरचंद बांठिया यांच्या ताब्यात होती. त्यांनी ती उठाववाल्यांसाठी उघडली. महिनोन्‌महिने पगार न मिळालेल्या शिपायांच्या हातात पैसा पडला. १८ जूनच्या सुमारास राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या आणि २० जूनपर्यंत सर ह्यू रोजने ग्वाल्हेर परत घेतलं. २२ जूनला बांठियांना ग्वाल्हेरच्या सराफा बाजारात झाडाला टांगून फाशी दिलं.

म्हणजे एकाच तिजोरीशी जोडलेली ही दोन माणसं. एकाने ती भरली आणि ती वाचवण्यासाठी इंग्रजांची बाजू धरली. दुसऱ्याने ती ज्यांच्यासाठी उघडली त्यांच्यापायी प्राण दिले. बांठियांचं स्मरण ग्वाल्हेरात आजही होतं, आणि ते व्हायलाच हवं. दिनकररावांना मिळालेलं बक्षीस वेगळं होतं. सरकारने त्यांना जमीन दिली, १८६६ साली के.सी.एस.आय. केलं, पुढे राजा हा वंशपरंपरागत किताब दिला. शिंद्यांनाही तीन लाखांचा मुलूख मिळाला, पायदळ ३,००० वरून ५,००० आणि तोफा ३२ वरून ३६ करण्याची मुभा मिळाली. ग्वाल्हेरचा किल्ला मात्र इंग्रजांनी स्वतःकडे ठेवला. तो परत मिळायला जवळपास तीन दशकं गेली. इमानाची किंमतही इंग्रज अशी मोजूनमापूनच देत असत.

डिसेंबर १८५९ मध्ये दिनकररावांनी दिवाणगिरी सोडली. संकट टळलं होतं, महाराज पंचविशीत आले होते आणि दोघांचं पूर्वीसारखं जमत नव्हतं. ज्या जोडीने एकत्र संस्थान वाचवलं ती जोडी अशी फुटली.

कलकत्त्याची खुर्ची

दिनकररावांचं वय तेव्हा चाळीस. याच वयात त्यांनी इंग्रजी शिकायला घेतलं. शेवटपर्यंत त्यांना ती भाषा सफाईने बोलता आली नाही, पण चाळिशीत मुळाक्षरांपासून सुरुवात करायला लाजले नाहीत हे विशेष. आणि लगेचच त्यांना अशा ठिकाणी जावं लागलं जिथे सगळं कामकाज इंग्रजीत चाले.

१८५७ नंतर विलायत सरकारला एक गोष्ट पटली होती. कायदे करणाऱ्या सभेत एकही हिंदी माणूस नसल्याने लोकांच्या मनात काय खदखदतंय हे राज्यकर्त्यांना कळत नाही. सर सय्यद अहमद खान यांनी उठावाच्या कारणांवर लिहिलेल्या पुस्तकात हेच मुख्य कारण म्हणून मांडलं होतं. मुंबईचे पुढचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचंही असंच मत होतं. त्यातून १८६१ चा इंडियन कौन्सिल्स ॲक्ट आला. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदे करण्यापुरते ६ ते १२ जादा सभासद घ्यायचे, त्यांतले निदान निम्मे सरकारी नोकरीबाहेरचे असावेत, मुदत दोन वर्षं.

१८६२ च्या जानेवारीत या नव्या कौन्सिलचं काम सुरू झालं. हिंदी सभासद तीन : पतियाळाचे महाराज नरेंद्रसिंग, बनारसचे राजा देवनारायणसिंग आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण दिनकरराव. पहिले राजे, दुसरे मोठे जमीनदार. स्वतः कारभार हाकलेला, महाल-परगण्यांचा वसूल हाताने पाहिलेला माणूस त्यांत एकच. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात जगन्नाथ शंकरशेट गेले.

या सभासदाच्या हाती काय होतं? फारसं नाही. प्रश्न विचारता येत नव्हते. अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हतं. कर्ज, धर्म, फौज आणि परराष्ट्रव्यवहार या विषयांवरचा ठराव गव्हर्नर जनरलच्या आधी परवानगीशिवाय मांडता येत नव्हता. सभेने मंजूर केलेला कायदाही तो नामंजूर करू शकत असे. निवडणूक तर दूरच, सभासद सरकारच नेमत असे.

तुलनेसाठी एक गोष्ट सांगतो. दिनकरराव पंधराव्या वर्षी दरबारी नोकरीत शिरले त्याच सुमारास, १८३४ साली, अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या विधानसभेत अब्राहम लिंकन नावाचा पंचविशीतला तरुण निवडून गेला. त्याला गावकऱ्यांनी मतं दिली होती आणि रस्ते, कालवे, बँका यांवर तो मत देऊ शकत होता. तिथेही मतदान गोऱ्या पुरुषांपुरतंच होतं आणि देशात गुलामगिरी चालू होती, हे विसरायचं कारण नाही. तरी आमदार म्हणजे काय, याची तिथली कल्पना आणि १८६२ ची कलकत्त्यातली कल्पना यांत केवढं अंतर होतं हे यावरून कळतं. दिनकररावांना कुणी निवडून दिलं नव्हतं आणि त्यांच्या मताने काही उलटणार नव्हतं.

तरीही त्या खुर्चीला अर्थ होता. तोपर्यंत त्या दालनात एकाही हिंदी सभासदाला जागा नव्हती. पहिल्या हिंदी सभासदांची भाषणं थोडी झाली. नरेंद्रसिंग तर त्याच वर्षी नोव्हेंबरात वारले. पण एकदा मांडलेली खुर्ची पुन्हा उचलता आली नाही. सर सय्यद स्वतः १८७८ मध्ये तिथे सभासद झाले. १८८४ मध्ये रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक गेले, तेही रत्नागिरी जिल्ह्याचेच. १८९२ च्या कायद्याने प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा दिली. दिनकरराव तेव्हा हयात होते. तीस वर्षांपूर्वी आपल्याला जे करता येत नव्हतं ते आता दुसऱ्यांना करता येणार, एवढं त्यांना दिसलं. निवडणुकांचा रस्ता त्यांच्यामागून खुला झाला.

सभागृहात बोलण्यापेक्षा दिनकररावांचा उपयोग सरकारला सल्ल्यासाठी अधिक झाला. राज्यकारभाराविषयीची आपली निरीक्षणं त्यांनी लेखी टिपणात मांडली. एकामागून एक व्हाइसरॉय अडचणीच्या प्रश्नांवर त्यांचं मत घेत राहिले. हैदराबादचे सालारजंग, त्रावणकोर-इंदूर-बडोद्याचे टी. माधवराव आणि ग्वाल्हेरचे दिनकरराव, ही त्या काळच्या दिवाणांची मोठी नावं. १८७३ मध्ये धौलपूरच्या अल्पवयीन राण्याचे पालक म्हणून त्यांना नेमलं, पण प्रकृतीमुळे ते काम त्यांनी लवकरच सोडलं. मग आली त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी परीक्षा.

बडोद्याचा खटला

९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांना आपल्या सरबताच्या पेल्यात तळाशी काहीतरी संशयास्पद दिसलं. विषाचा प्रयत्न झाला असा बोभाटा झाला आणि संशय गेला महाराज मल्हारराव गायकवाडांवर. मल्हाररावांचा कारभार वाईट होता, याबद्दल फारसा वाद नव्हता. पण कारभार वाईट असणं वेगळं आणि विषप्रयोग सिद्ध होणं वेगळं.

सरकारने सहा जणांचं कमिशन नेमलं. तीन इंग्रज : अध्यक्ष सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल. तीन हिंदी : महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव. सोळा वर्षांपूर्वी फारकत घेतलेले महाराज आणि त्यांचे दिवाण एकाच पंक्तीला न्याय करायला बसले. २३ फेब्रुवारी १८७५ ला बडोद्यात काम सुरू झालं. मल्हाररावांच्या वतीने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. सगळ्या हिंदुस्थानचं लक्ष तिकडे लागलं.

जरा त्या खुर्चीचा विचार करा. दिनकररावांजवळ जे होतं ते सगळं इंग्रज सरकारकडून आलेलं होतं. जमीन, किताब, कौन्सिलचा मान, सगळं. १८५७ मध्ये त्यांनी त्या सरकारसाठी आपल्याच माणसांचा रोष पत्करला होता. आता तेच सरकार फिर्यादी होतं आणि निकाल काय लागावा अशी त्याची इच्छा आहे हे कळायला फार हुशारी लागत नव्हती.

निकाल तीन विरुद्ध तीन असा लागला. तिन्ही इंग्रज सभासदांना गुन्हा शाबीत वाटला. शिंदे, जयपूरचे महाराज आणि दिनकरराव या तिघांना विषप्रयोगाचा मुख्य आरोप शाबीत झाला असं वाटलं नाही. कर्नल फेअर यांचे नोकर फितवले गेले होते, साक्षी डळमळीत होत्या, महाराजांपर्यंत धागा पोचत नव्हता.

सरकारने मल्हाररावांना तरीही पदच्युत केलं, पण विषप्रयोगासाठी नव्हे. एप्रिलमध्ये जो हुकूम निघाला त्यात कारण दिलं गैरकारभाराचं. मल्हाररावांना मद्रासला धाडलं. बडोद्याची घडी बसवायला दिवाण म्हणून गेले ते आपल्या इंदूरचेच दिवाण सर टी. माधवराव. तंजावरी मराठी घराण्यातला हा माणूस १८७३ पासून तुकोजीराव होळकरांच्या पदरी होता. मे महिन्यात बडोद्याच्या गादीवर दत्तक म्हणून बसले ते सयाजीराव. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे.

दिनकररावांच्या मताने मल्हारराव वाचले नाहीत हे खरं. पण पुरावा नसताना खुनाच्या प्रयत्नाचा शिक्का एका राजावर बसला असता, तो बसला नाही. १८५७ चा दिवाण आणि १८७५ चा पंच ही दोन वेगळी माणसं आहेत असं पहिल्यांदा वाटतं. मला मात्र दोन्हीकडे एकच माणूस दिसतो. ग्वाल्हेरला त्यांनी उठावाची बाजू तोलली आणि त्यात संस्थान बुडेल असं मानून ती सोडली. बडोद्याला सरकारची बाजू तोलली आणि पुरावा कमी पडतो म्हणून तीही सोडली. पहिला निर्णय आज आपल्याला खटकतो, दुसऱ्याला आपण दाद देतो. पण दोन्ही वेळा त्यांनी भावनेपेक्षा हिशेब मोठा मानला.

शेवट

म्हातारपणी ते आपल्या मतांवर ठाम राहिले. १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन झाली, तिच्यापासून ते दूर राहिले. समाजसुधारणेची चळवळ त्यांना रुचली नाही. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण या प्रश्नांवर त्याच पिढीतली दुसरी मराठी माणसं किती पुढे गेली होती ते पाहिलं, की इथे दिनकरराव मागे राहिले असंच म्हणावं लागतं. रयतेच्या डोक्यावरचा कर कमी करणाऱ्या माणसाला रयतेच्या घरातलं जुनं ओझं हलकं करावंसं वाटलं नाही. हेही लिहून ठेवायला हवं. ९ जानेवारी १८९६ रोजी, शहात्तराव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आम्हा हिशेबवाल्यांना एकच शिकवण मिळालेली असते : जमा आणि नावे, दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय खातं बंद करायचं नाही. दिनकररावांचं खातं आपण उघडतच नाही, कारण नावेच्या बाजूला १८५७ लिहिलेलं आहे आणि ती रक्कम मोठी आहे. ती कमी करून दाखवायची माझी इच्छा नाही. पण जमेच्या बाजूला इजाऱ्यातून सुटलेली गावं आहेत, स्वतःच्या पगारावर फिरवलेली कात्री आहे, कलकत्त्यातली ती पहिली खुर्ची आहे आणि बडोद्यातला तो नकार आहे. तेही पुसू नये.

आपल्या घराण्यांतले बहुतेक पूर्वज राणीच्या घोड्यामागे गेले नाहीत. ते कुठल्या तरी कचेरीत, कुठल्या तरी संस्थानाच्या दफ्तरात बसून वसुलाच्या याद्या लिहीत होते. मालव्यातली मराठी माणसं मुख्यतः अशीच टिकली. त्यांचा इतिहास सांगायचा तर दिनकररावांना वगळून सांगता येणार नाही.

१९४८ मध्ये मध्य भारत राज्य झालं तेव्हा त्याची हिवाळी राजधानी ग्वाल्हेर आणि उन्हाळी राजधानी इंदूर ठरली. शिंदे-होळकरांच्या मुलखातली माणसं आपल्या मताने निवडलेले आमदार सभागृहात पाठवू लागली. १८६२ मध्ये ज्या खुर्चीवर बसून प्रश्नही विचारता येत नव्हता, तिथपासून इथवर यायला ९० वर्षं लागली. पुढच्या वेळी ग्वाल्हेरला जाल तेव्हा फुलबागेजवळ राणीच्या समाधीला नमस्कार करा. तिथून सराफ्यात जाऊन बांठियांची आठवण काढा. आणि परतताना सोबतच्या नातवंडांना या दिवाणाचीही गोष्ट सांगा. पूर्ण सांगा, आपल्याला अडचणीचा वाटतो तो भागसुद्धा.